जेनेसिस हा इंग्लिश रॉक बँड ऐकायला घेतोयस? मग मधनं सुरू कर

अरे पहिल्यापासून ओळीने ऐकायच्या भानगडीत पडू नकोस, १९६९ चा पहिला अल्बम नुकत्याच शाळा सुटलेल्या पोरांचा आहे, कंटाळशील आणि सोडून देशील. थेट १९७३ चा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' लाव. त्यातलं 'फर्थ ऑफ फिफ्थ' हेडफोनवर ऐक, आधी टोनी बँक्सचा पियानो, मग मध्येच बासरीवर एक चाल येते आणि पुढे तीच स्टीव्ह हॅकेट गिटारवर घेतो, एकेक सूर असा काय लांबवतो की बास! हे अंगात भिनलं की 'फॉक्सट्रॉट', त्यातलं 'सपर्स रेडी' जवळपास २३ मिनिटांचं आहे, भांडी घासताना वगैरे नको, वाया जाईल.

१९७५ ला गायक पीटर गेब्रिएल बँड सोडून गेला आणि ड्रमर फिल कॉलिन्सच गायला लागला, लोक म्हणतात तिथंच बँड संपला, पण १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' ऐकल्याशिवाय त्यांचं काही मनावर घेऊ नकोस. 'इनव्हिजिबल टच' हा अल्बम मला तरी झेपत नाही, तुझं तू बघ. 'ड्यूक' मात्र सोडू नकोस आणि शफल बंद ठेव हां, सुरुवातीची चाल शेवटी परत येते ते नाहीतर कळणारच नाही.