रायगडावर महाराजांचा वाडा कुठे पाहायचा?

प्रश्न : नुकतेच सहकुटुंब रायगड पाहून आलो. राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधी सगळं झालं. पण महाराज राहायचे तो वाडा काही सापडला नाही. सगळीकडे नुसते चौथरे. वाडा पडला की पाडला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वाडा जळाला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, गडावर आग लागली आणि १० मे रोजी गड त्यांच्या हाती गेला. जोती दगडाची, पण वरचा इमला मुख्यतः लाकडाचा. म्हणून नगारखान्याची दगडी कमान आजही ताठ उभी आहे आणि राहत्या घराचं मात्र जोतंच उरलं आहे.

तुम्ही त्या घराच्या अगदी जवळून परत आलात. बहुतेकांचं असंच होतं : नगारखान्यातून आत यायचं, सिंहासनाच्या जागेवरच्या मेघडंबरीपुढे नमस्कार करायचा आणि आल्या वाटेनं होळीच्या माळावर परतायचं. राहता वाडा सदरेच्या मागे, पश्चिमेला आहे.

गंगासागर तलावाकडून या. तलावाजवळच्या दोन मनोऱ्यांच्या पश्चिमेला ३१ पायऱ्या चढलात की पालखी दरवाजा. तिथून सरळ वाट मेणा दरवाजाकडे जाते. उजव्या हाताला ओळीनं जोती दिसतात, ते राण्यांचे महाल. इथे घाई करू नका. महालाला जोडून असलेला दगडी शौचकूप आणि त्याच्या निचऱ्याची सोय वाकून पाहा. साडेतीनशे वर्षांपूर्वी डोंगरमाथ्यावर केलेली ही व्यवस्था आहे. डाव्या हाताला दासदासींच्या घरांचे अवशेष. त्यांच्यामागे समांतर भिंत आहे, तिच्या मधोमध दार. त्या दारातून आत गेलं की समोर ८६ फूट लांब, ३३ फूट रुंद चौथरा. हेच महाराजांचं राजभवन. सदर २२० फूट बाय १२४ फूट; त्या मानानं राहती जागा किती आटोपशीर, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

रोपवेनं गेलात तर मेणा दरवाजा आधी लागतो. मग हाच क्रम उलटा धरा, उजवं-डावंही उलटेल.

पावसाळ्यात गवतात जोत्यांच्या कडा हरवतात आणि दगड निसरडे होतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात प्रत्येक कडेची सावली पडते आणि खोल्यांची आखणी आपोआप उमटते. फोटोसाठी भिंतींच्या कडांवर मात्र चढू नका. सुटलेला एक चिरा पुढचे चार सैल करतो.