भावाच्या नशेचं भूलतज्ज्ञांना सांगू का?

प्रश्न: धाकट्या भावाचं पुढच्या आठवड्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे, तो रोज गांजा ओढतो, मधूनमधून एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) पण घेतो, आईला काहीच माहीत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल का? – एक ताई, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, सांगाच, आणि शेवटचं कधी घेतलं ते वेळेसकट सांगा. डॉक्टर हे भूल नीट देता यावी म्हणून विचारतात, पोलिसांसाठी नाही. रोज गांजा ओढणाऱ्याला भुलीचं औषध बऱ्याचदा जास्त लागतं, श्वासनलिका चिडलेली असते आणि नंतर दुखतंही जास्त, म्हणजे पेनकिलरची तयारी आधीच करावी लागते. ओढून दोन तासही झाले नसतील तर ऑपरेशन पुढे ढकललेलं बरं. पण मला खरी काळजी एमडीची वाटते, त्याने नाडी-बीपी चढतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्या नशेत असताना ठरवून करायचं ऑपरेशन करूच नये. मागे एक पोरगा टेबलावर आला तेव्हा नाडी १४०, विचारलं तर नुसता छताकडे बघत राहिला, शेवटी कानाशी वाकून विचारलं तेव्हा बोलला, आम्ही त्या दिवशी ऑपरेशन केलंच नाही. भावाला म्हणावं, डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय असं सांग, आईला बाहेर बसवतात.