चहा करणारीचा हिस्सा

प्रिय मावशी,
बाबा गेल्या वर्षी गेले. मृत्युपत्र नाही. साताऱ्यातलं घर त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलं. धाकटा भाऊ तिथेच राहतो, त्याला ते ठेवायचंय. रेडी रेकनरने किंमत ६० लाख होते, म्हणून मला आणि दादाला २०-२० लाख देतो म्हणतो. एजंट सांगतो, ९६ लाखांना सहज जाईल, म्हणजे माझे ३२ होतात. दादा बंगळुरूला, ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून मोकळा. मी व्हॅल्युअर घेऊन गेले तर भाऊ खोलीतून बाहेरही आला नाही. शेवटी आईनेच त्या माणसाला चहा करून दिला. मला फसवलं जातंय का?
– बहीण, पुणे

हो, फसवलं जातंय. रेडी रेकनरचे दर सरकार ठरवतं ते मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी. तुमचं घर हवेशीर आहे की अंधारं, गिऱ्हाईक किती मोजेल, याच्याशी त्या तक्त्याला घेणंदेणं नाही. भावंडांच्या वाटणीत तो आकडा पुढे करणाऱ्याला तो का सोयीचा आहे हे पुरतं कळत असतं. एजंटचे ९६ लाखही तोंडी आहेत, पण तूर्त तेच धरू.

आता चहाचं बोलू. तुझ्या अख्ख्या पत्रात आई एकदाच आली, तीही चहा करायला. तू आणि भाऊ किमतीवरून भांडताय, पण भागाकार दोघांचाही एकच आणि दोघांचाही चुकीचा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. बाबांची आई हयात असती तर तिचाही वाटा निघाला असता; ती नसेल असं धरते. मग हिस्से चार. ९६ लाखांचे २४-२४. तुझ्या ३२ लाखांतले ८ लाख आईचे आहेत, बाई.

मला याचा राग आला, आणि तो तुझ्यावरही आहे. व्हॅल्युअर टेप घेऊन स्वयंपाकघर मोजायला आला असेल, तेव्हा ओट्यापाशी उभी असलेली ती बाजूला सरली असेल. पाव घराची मालकीण!

‘ती भावाकडेच राहणार, तिला पैसे कशाला?’ असं म्हणशील. ती आज भावाकडे राहत नाही, स्वतःच्या घरात राहते. तुमची वाटणी झाली की ती मुलाच्या घरात राहायला लागेल. उद्या त्याने ते विकलं, तर तो नेईल तिथे.

तेव्हा किंमत बाजूला ठेव. येत्या शनिवारी एकटी साताऱ्याला जा, रात्री आईजवळ झोप आणि तिला तीन गोष्टी विचार: कुठे राहायचंय, हाताशी किती पैसे हवेत, घर द्यायचंय का. ‘तुम्हा पोरांचं होऊ दे, मला काय करायचंय’ असं ती म्हणेल. ती संमती धरू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार.

ती जे सांगेल ते दोन्ही भावांना फोनवर सांग, दादालाही. त्याला मोकळं सोडू नकोस. मिळकत पत्रिकेवर चौघांची वारस नोंद करून घ्या. मग चौघांनी मिळून एक सरकारमान्य व्हॅल्युअर नेमा, फी चौघांत. आसपासच्या अलीकडच्या खरेदीखतांचे आकडे त्याला धरायला लावा, आणि जमीन व बांधकाम वेगवेगळं काढायला सांगा. जुन्या बांधकामाची किंमत घसरते, जागेची सहसा वाढते. भावाने घरावर खर्च केला असेल तर पावत्या बघून तो द्या.

मधल्या काळात कुणीतरी आईपुढे हक्कसोडपत्र ठेवेल, ‘नुसती सही कर’ म्हणत. भाऊ ठेवेल, नाहीतर तू. त्याआधी तिला वकिलाकडे ने. तो तुझा नको, भावाचा नको. आत तिला एकटीला बसू दे आणि फी तू भर.