लहान रकमेचा दावा लावायचा कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे लहान रकमांच्या वादांविषयी आहेत. लहान म्हणजे दहा-पंधरा हजारांपासून लाखाच्या आतबाहेर. ज्याचे अडकलेले असतात त्याला ती रक्कम लहान वाटत नाही, पण ‘वकिलाची फीच जास्त होईल’ असा हिशेब करून बहुतेक जण गप्प बसतात. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, पत्रलेखकांची नावे वगळून, त्यांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात असतो. तिथे त्याने गॅरेजवाल्याविरुद्ध स्वतःच अर्ज भरून ‘स्मॉल क्लेम्स कोर्टात’ दाद मागितली, वकील लावावा लागला नाही. आपल्याकडे असे कोर्ट आहे का? (एक निवृत्त वाचक, सोलापूर)

नावाने जवळचे असे न्यायालय आहे, पण त्याचे काम मात्र बरेच वेगळे आहे. मुंबईत धोबी तलावाजवळ लघुवाद न्यायालय आहे आणि ते १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायद्याखाली चालते. पुण्यातही लघुवाद न्यायालय आहे. परंतु या न्यायालयांचा मुख्य व्याप घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील भाड्याच्या व ताब्याच्या भांडणांचा आहे. पागडीच्या खोल्यांचे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे तिथे पाहायला मिळतात. गॅरेजवाल्याने गाडी बिघडवली म्हणून तिथे कोणी जात नाही. इतर जिल्ह्यांत पैशांचा लहान दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे, म्हणजे बहुधा तालुक्याच्या कोर्टातच, दाखल होतो.

म्हणून आपल्याकडे रकमेपेक्षा आधी नाते पाहावे लागते. समोरच्याने तुम्हाला वस्तू विकली किंवा पैसे घेऊन सेवा दिली असेल, तर ग्राहक आयोग. उसने दिले असतील किंवा करार मोडला असेल, तर दिवाणी न्यायालय. चेक परत आला असेल, तर फौजदारी न्यायालय. दोन्ही बाजू बसून बोलायला तयार असतील, तर लोकअदालत. तुमच्या मुलाचे गॅरेजचे प्रकरण सोलापुरात घडले असते, तर ते ग्राहक आयोगाकडे गेले असते, आणि तिथेही वकील लावण्याची सक्ती नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर राहत होते. फ्लॅट सोडून सहा महिने झाले. ४५,००० रुपये अनामत रकमेपैकी घरमालक एक रुपयाही देत नाहीत. आधी ‘नवीन भाडेकरू आला की देतो’ म्हणाले, आता ‘रंगकामात गेले’ म्हणतात. काय करावे? (एक वाचक भगिनी, नाशिक)

पहिली गोष्ट, करार काढून शांतपणे वाचावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न करणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. शिवाय करार नोंदवलेला नसेल, तर ज्या अटींवर जागा दिली असे राहणारा सांगतो, त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात. एजंटने ‘नोटरी केली की झाले’ असे सांगून दिलेले करार माझ्याकडे सतत येतात, आणि असा करार पुढे केला की पंचाईत घरमालकाची होते, तुमची नाही.

करार नोंदवलेला असेल, तर त्यात अनामत कधी परत करायची आणि त्यातून कशाची वजावट करता येईल हे बहुतेक वेळा लिहिलेले असते. रंगकामाची वजावट लिहिलेली असेल, तर तेवढी सोसावी लागेल. लिहिलेली नसेल, तर तुम्ही काही मोडतोड केली हे घरमालकांनी दाखवले पाहिजे. खिळ्याची चार भोके आणि वर्षभरात मळलेली भिंत यांना मोडतोड म्हणता येत नाही. चाव्या दिल्या त्या दिवशीचे फोटो, शेवटचे वीजबिल आणि ‘घर ताब्यात मिळाले’ असा साधा मेसेजसुद्धा इथे उपयोगी पडतो.

यानंतर नोटीस. ती वकिलाकडूनच द्यायला हवी असे नाही. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने स्वतःच्या सहीने दिलेली नोटीसही चालते. तिच्यात रक्कम, तारखा आणि पैसे देण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत लिहावी. आणखी एक वाक्य आवर्जून घालावे : या रकमेवर नोटिशीच्या तारखेपासून व्याज मागितले जाईल. करारात व्याजाचा उल्लेख नसेल, तर १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे लेखी मागणी केल्यापासूनचे व्याज न्यायालय देऊ शकते. हे वाक्य राहून गेल्यामुळे दाव्यापूर्वीच्या काळाचे व्याज गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

नोटिशीला उत्तर आले नाही, तरी थेट दावा लावण्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. तिथे साध्या अर्जावर तुमचे प्रकरण ‘दाखलपूर्व’ म्हणून लोकअदालतीत ठेवता येते, घरमालकांना बोलावणे जाते, आणि न्यायालयाच्या नावाचे पत्र दारात आले की पुष्कळांना रंगकामाचा खर्च आपोआप कमी आठवतो. तडजोड झाली, तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच, म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या अंतिम आदेशासारखाच, अंमलात आणता येतो आणि त्यावर अपील होत नाही. घरमालक आलेच नाहीत, तर मात्र लोकअदालत त्यांच्यावर काही लादू शकत नाही. मग दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे दावा लावावा. तुम्ही स्त्री आहात, त्यामुळे उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यास तुम्ही पात्र आहात. हा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे, आणि सुशिक्षित घरांतूनच त्याचा वापर सर्वांत कमी होतो.

प्रश्न : मित्राला अडीअडचणीला ८०,००० रुपये यूपीआयने पाठवले. त्याला आता दोन वर्षे दहा महिने झाले. व्हॉट्सॲपवर ‘देतो रे, थोडं थांब’ असे त्याचे अनेक मेसेज आहेत. पोलिसांत गेलो तर ‘हे दिवाणी आहे’ म्हणाले. एका ओळखीच्या वकिलांनी ‘नोटीस पाठवली की मुदत वाढते’ असे सांगितले. खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

नाही, आणि याच गैरसमजामुळे तुमचे पैसे कायमचे बुडू शकतात, म्हणून या उत्तराला थोडी जास्त जागा देतो.

हातउसने दिलेल्या पैशांच्या दाव्याला मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे मिळतात. परतफेडीची ठरलेली तारीख नसेल, तर ही तीन वर्षे पैसे दिल्या दिवसापासून मोजली जातात. नोटीस पाठवल्याने त्यांत एका दिवसाचीही भर पडत नाही. म्हणजे तुमच्या हातात साधारण दोन महिने उरले आहेत. मुदत वाढवण्याचा मार्ग वेगळा आहे : तीन वर्षे संपण्याच्या आत मित्राने ‘मला अमुक रक्कम देणे आहे’ असे स्वतःच्या सहीने लेखी कबूल केले, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे सुरू होतात. व्हॉट्सॲपवरचे ‘देतो रे’ हे ‘सही केलेली लेखी कबुली’ आहे की नाही, यावर समोरचा वकील दिवसभर वाद घालू शकतो. तो वाद जिंकण्याची वाट कशाला पाहायची? मित्र खरोखर प्रामाणिक असेल, तर याच आठवड्यात त्याच्याकडे जाऊन रक्कम, तारीख आणि सही असलेला कागद करून घ्यावा. तो टाळाटाळ करू लागला, तर मुदतीच्या आत दावा दाखल करावा. नोटीस द्यायचीच असेल तर द्यावी, पण तिच्या उत्तरासाठी थांबू नये.

तीन वर्षे उलटून गेल्यावर नुसती कबुली काही कामाची नाही. तेव्हा १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे ‘मुदतबाह्य झालेले हे कर्ज मी फेडीन’ असे सही केलेले लेखी वचनच लागते. असे वचन कोणी स्वखुशीने देत नाही, हे सांगायला वकील लागत नाही.

पुराव्याचे बोलायचे, तर बँकेचे स्टेटमेंट भक्कम आहे, पण ते पैसे गेल्याचे दाखवते, उसने दिल्याचे नाही. मित्र उद्या ‘ते तर जुन्या व्यवहाराचे होते’ असे म्हणेल, आणि तेव्हा मेसेज कामी येतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, ज्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून ज्या फोनवर हे संभाषण आहे तो फोन निकाल लागेपर्यंत विकू नये, फॉरमॅट करू नये आणि एकही मेसेज खोडू नये, स्वतःचे रागाचे मेसेजसुद्धा.

पोलिसांनी तुम्हाला परत पाठवले ते या प्रकरणात योग्यच होते. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता असे दिसत नसेल, तर न फेडलेले उसने हा गुन्हा ठरत नाही.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी १४,५०० रुपयांची पैठणी घेतली. पहिल्याच नेसण्यात घामाने रंग उतरला आणि परकराला लागला. पाचव्या दिवशी दुकानात गेले, तर बिलावर छापलेली ओळ दाखवली : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ (एक वाचक भगिनी, लातूर)

ती ओळ दुकानदारांना फार प्रिय आहे, पण सदोष मालाच्या बाबतीत कायदा तिच्या बरोबर उलट आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. तुम्ही पाचव्या दिवशी गेलात, हे उत्तम केलेत. पुन्हा गेलात तर मागणी लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या.

पैठणी धुऊ नका, ड्रायक्लीनिंगला देऊ नका, परकरही तसाच ठेवा. दोष नुसता पाहून ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो, आणि एकदा धुतलेल्या साडीवर ‘तुमच्या साबणाने गेला रंग’ हे उत्तर तयारच असते.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. तेवढ्याने काम न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. (जुनी मंडळी त्याला अजून ‘ग्राहक मंच’च म्हणतात.) दुकान येवल्यात किंवा पुण्यात असले, तरी तुम्ही राहता त्या लातूरमध्येच तक्रार करता येते, ही सोय २०१९ च्या कायद्याने आली आणि ती मोठी आहे. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. साडीच्या किमतीसोबत मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागावा, मात्र लाख-दोन लाख लिहून तक्रारीचे हसे करून घेऊ नये.

दुकानदाराला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. या पंचेचाळीस दिवसांपलीकडे आयोगाला मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तेवढ्यात क्वचितच होते, ही मनाची तयारी ठेवून जावे.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. एका घाऊक व्यापाऱ्याने ३२,००० रुपयांचा दावा माझ्यावर लावला आहे. त्यातला निम्मा माल खराब निघाल्याने मी परत केला होता. बेलीफ समन्स घेऊन आला, मी घेतले नाही. आता काही होईल का? (एक वाचक, कराड)

होईल. समन्स नाकारले, तर बेलीफ ते दारावर चिकटवून तसा अहवाल देतो, आणि न्यायालय बजावणी झाली असे मानू शकते. त्यानंतर तुम्ही हजर न राहिल्यास दावा एकतर्फी चालतो. खराब मालाची गोष्ट सांगायला तिथे कोणी नसल्याने हुकूमनामा पूर्ण ३२,००० रुपयांचा, व्याज व खर्चासह होतो. मग व्यापारी ‘दरखास्त’, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करतो, आणि तिच्यात दुकानातला माल किंवा बँक खाते जप्त होऊ शकते. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत असल्यामुळे ‘विसरून जाईल’ या आशेवरही राहता येत नाही.

उद्याच कोर्टात जाऊन पुढची तारीख विचारावी आणि हजर व्हावे. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देण्यास समन्स बजावल्यापासून तीस दिवस असतात; न्यायालय कारण पाहून ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. एकतर्फी हुकूमनामा आधीच झाला असेल, तर तो रद्द करण्यासाठी तीस दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि गैरहजेरीचे सबळ कारण द्यावे लागते. ‘मी समन्स घेतले नव्हते’ हे ते कारण होऊ शकत नाही. माल परत केल्याची टेम्पोची पावती, व्यापाऱ्याच्या माणसाची सही असलेले चलन, जे असेल ते गोळा करून सोबत न्यावे. पहिल्याच तारखेला ‘खरे देणे असलेली निम्मी रक्कम भरतो, बाकीबद्दल तडजोड करू’ असे सांगितले, तर न्यायाधीश प्रकरण लोकअदालतीकडे पाठवू शकतात. तिथे मिटल्यास व्यापाऱ्याला कोर्ट फी परत मिळते. ही गोष्ट त्याच्या वकिलाला आठवण करून द्यायला हरकत नाही.