वाचक विचारतात : विहिरीतला रंग आणि मेटॅलिका

प्रश्न : नमस्कार दादा, मी वडश्याकडचा, झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवतो. नागपूरले शिकणाऱ्या दोस्तानं मेटॅलिका नावाच्या अमेरिकन मेटल बँडचं 'द कॉल ऑफ क्टुलू' ऐकवलं, म्हणे हे एका वीअर्ड फिक्शनच्या गोष्टीवर हाये. पण त्यात तं एक शब्दच नाही! मंग गोष्ट कुठून आली? आपल्या भुताच्या गोष्टी अन् हे एकच का? अन् कवितेत, मराठीत असं काही हाये का?

उत्तर : भाऊ, एकच नाही. आपल्या भुताला कारण असतं, कोणाला विहिरीत ढकललेलं, कोणाची इच्छा राहिलेली, मग नारळ-कोंबडं दिलं की प्रकरण मिटतं. वीअर्ड फिक्शन, म्हणजे अनाकलनीय भीतीच्या गोष्टी, त्यात मिटतच नाही, कारण समोर जे आहे त्याला माणसाशी काही देणंघेणंच नाही. अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्टची १९२७ ची 'द कलर आउट ऑफ स्पेस' घे, शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते, त्या वर्षी फळं टपोरी येतात पण तोंडात धरवत नाहीत, मग झाडं, जनावरं, घरची माणसं एकेक करून जातात आणि हे सगळं करणारा कोण, तर एक रंग, जो आपल्या कुठल्याच रंगात बसत नाही. लोणार बघून आलेल्याला ही गोष्ट जास्तच लागते. (माणूस म्हणून लव्हक्राफ्ट पक्का वंशद्वेषी होता, तेही माहीत असू दे.)

आता तुझं गाणं. मूळ गोष्टही लव्हक्राफ्टचीच, १९२८ ला 'वीअर्ड टेल्स' मासिकात आली, मेटॅलिकाचा बास वाजवणारा क्लिफ बर्टन लव्हक्राफ्ट वाचायचा, आणि १९८४ च्या अल्बममधे जवळपास ९ मिनिटांची नुसती धून आली. लव्हक्राफ्ट गोष्टीत सारखं म्हणतो की हे सांगताच येत नाही, मग यांनी शब्दच ठेवले नाहीत, मला तरी हे एकदम बरोबर वाटतं. दोन वर्षांनी त्यांनी त्याच विषयावर शब्दांचं गाणं केलं, जड आहे, भारी आहे, पण भीती कमी वाटते राव.

कवितेशी तर जुनंच नातं. लव्हक्राफ्टनं स्वतः १९२९-३० च्या हिवाळ्यात ३६ सुनीतं लिहिली, त्यातल्या दोनांना तो जिवंत असतानाच चाली लागल्या. त्याचा मित्र क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ मुळात कवीच, १९ व्या वर्षी पहिला संग्रह. आणि त्याही आधीचा अमेरिकन कवी-कथाकार एडगर अ‍ॅलन पो, त्याच्या 'द बेल्स' कवितेवरून रशियाच्या रखमानिनोव्हनं १९१३ ला अख्खी सिम्फनी केली.

मराठीत नारायण धारप आणि मतकरी वाच, 'तुंबाड' सिनेमातली ती म्हातारी धारपांच्याच गोष्टीतून आलीय. कवितेत आपले नागपूरचे ग्रेस. त्यांना वीअर्डचं लेबल लावू नको, कोणी मारेल, पण 'भय इथले संपत नाही' मधे भय कशाचं ते कुठे सांगितलंय? हृदयनाथांची चालही ते सांगायला जात नाही.

आणि तुझ्या कामाचं एक. नाटकात भूत आलं की ऑर्गन, ऑक्टोपॅड सगळं एकदम फुटतं, पब्लिक शिट्ट्या मारते आणि भीती तिथंच खलास. पुढच्या सीझनला आधीच्याच सीनपासून खालचा एक सूर बारीक धरून ठेव, आणि एंट्रीला बंद कर. डायरेक्टरला मात्र आधी सांग, नाहीतर त्याला वाटेल ऑर्गनवाला झोपला.