तारखेची जागा कोरी होती

सांगलीच्या विश्रामबागमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत समोर बसलेल्या बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तो त्यांचा राजीनामा होता. खाली सहीही केलेली होती, तारखेची जागा तेवढी कोरी होती. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या अकरा वर्षे केमिस्ट होत्या आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, लिहिण्यास त्यांची संमती आहे.)

"मॅडम, गळीत हंगामात माझी शिफ्ट फिरती असते. बारा ते आठला गेले की संध्याकाळी तो भिंतीवर डोकं आपटतो. सासूबाई म्हणतात, पगार घेऊन काय करायचंय, पोरगं बघ की आधी. आता मलाही तेच वाटायला लागलंय. तारीख घालू का?"

स्वमग्न, अतिचंचल किंवा अध्ययन अक्षमता असलेली मुले वाढवणाऱ्या आयांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. एखाद्या वडिलांनी तो विचारल्याचे मला आठवत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी लगेच उत्तर दिले नाही. त्यांच्या कामाबद्दल विचारले, तेव्हा रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण) आणि पोल (त्यातल्या साखरेचे प्रमाण) कसा काढतात, एका चुकीच्या नमुन्याने साखरेच्या उताऱ्याचा हिशेब कसा बिघडतो, हे त्या दहा मिनिटे सांगत राहिल्या. मघापासून पुटपुटणारा त्यांचा आवाज तेवढ्या वेळात स्पष्ट झाला होता. ज्या कामाने माणूस असा उभा राहतो ते काढून घेतल्यावर त्या जागी काय उरणार, याचा विचार राजीनाम्याआधी व्हायला हवा, असे माझे मत आहे.

मात्र त्यांच्या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न दडलेला होता, आणि तो दुसऱ्या भेटीत बाहेर आला. गरोदरपणात त्या आठव्या महिन्यापर्यंत कामावर जात होत्या. मूल म्हणूनच असे झाले का? मी त्यांना ठामपणे "नाही" म्हटले. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्न मुलांचे वर्णन केल्यानंतर पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षे आईच्या कोरड्या वागण्यालाच दोष दिला गेला. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, १९६४ साली तो समज खोडून काढला. मेंदूची ही जडणघडण जन्मजात असते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या हजेरीपटाशी तिचा संबंध नाही. हे ऐकून त्या बराच वेळ रडल्या.

मग मी त्यांना विचारले, "तुम्ही दोन दिवस तापाने पडलात, तर त्याला काय हवंय हे घरात कोणाला कळेल?"

"कोणालाच नाही," त्या म्हणाल्या.

मला खरी अडचण इथे दिसत होती. नोकरी सोडली असती, तरी ते मूल समजणारे माणूस घरात एकच राहिले असते, फक्त त्या माणसाला दिवसाचे चोवीस तास कुठेच विसावा उरला नसता.

म्हणून मी त्यांना त्यांच्याच कामाची पद्धत घरी वापरायला सांगितली. एका वहीत वेळ, त्याआधी काय घडले, त्याने काय केले आणि नंतर काय झाले, एवढेच लिहायचे होते. तीन आठवड्यांच्या नोंदी वाचताना आम्ही दोघीही थबकलो. त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीही संध्याकाळी साडेसातला तेच घडत होते. त्याच वेळी स्वयंपाकघरात चटणीसाठी मिक्सर फिरे, बाहेर मालिकेचा आवाज मोठा असे आणि कुकरची शिट्टी मधेच वाजे. मुलाला आईची गैरहजेरी नव्हे, तो एकत्रित आवाज असह्य होत होता.

चटणी दुपारी, तो शाळेत असताना वाटली जाऊ लागली. कुकर लावण्यापूर्वी कुकरचे चित्र असलेले कार्ड त्याच्यासमोर धरायचे, म्हणजे तो कानांवर हेडफोन चढवून खोलीत जातो. हे कार्ड दाखवण्याचे काम मी मुद्दाम सासूबाईंकडे दिले. पहिल्या आठवड्यात त्यांना तो पोरखेळ वाटला. पुढे एकदा त्या स्वतः माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आमटी भातावर घातली की ताट ढकलतंय, वाटीत दिली की खातंय. हे तुमच्या वहीत न्हवतं." ती नोंद त्यांच्या सांगण्यावरून मी त्यांच्यासमोर वहीत लिहिली.

वडिलांचा मार्केट यार्डात हळदीचा गाळा आहे. आता आठवड्यातून एक दुपार गाळा मुनीमजींवर सोपवून तेच मुलाला थेरपीला नेतात. सौद्यांच्या दिवसांत अजूनही दांड्या पडतात, आणि त्यावरून घरात वाद होतात.

या बाईंना किंमत मोजावी लागली, हे मी लपवणार नाही. त्यांनी कायमची दिवसपाळी मागून घेतली, पण त्यासाठी यंदाची बढती सोडली. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि दिव्यांग अपत्यासाठी तिला वयाची अट नाही. हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेला अशी रजा नाकारली गेली, तेव्हा नोकरीत स्त्रियांचा समान सहभाग राखणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये बजावले. या बाईंच्या कारखान्यात मात्र अशी रजा नाही, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असूनही नोकरी करणाऱ्या पालकाच्या वाट्याला त्यातून फारसे काही येत नाही. हे बदलायला हवे.

काही आयांनी पूर्ण विचार करून नोकरी सोडलेली मी पाहिली आहे आणि तो निर्णय त्यांच्यासाठी योग्यच होता. अपराधी वाटते एवढ्याच कारणावरून सोडू नये, इतकेच मी सांगते.

नव्या हंगामासाठी बॉयलर पेटवण्याच्या, म्हणजे अग्निप्रदीपनाच्या, आदल्या आठवड्यात बाई पुन्हा भेटून गेल्या. हंगामाचे वेळापत्रक त्यांनी मुलासाठी चित्रांत काढून भिंतीवर लावले आहे. कारखान्याची चिमणी म्हणजे आई कामावर, आणि त्याशेजारी कुकरचे कार्ड हातात धरलेली आजी.