वाचकांचे प्रश्न : सीरियातील परदेशी ग्रेनेड लाँचर कसे ओळखले गेले?

प्रश्न : सीरियातील यादवी युद्धात सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांकडे क्रोएशियातून आलेले ग्रेनेड लाँचर होते, हे काही जणांनी केवळ यूट्यूबवरील चित्रफिती पाहून ओळखले, असे वाचनात आले. हजारो किलोमीटर दूर बसून एखादे शस्त्र कोठून आले, हे खात्रीने सांगता येते काय? — एक वाचक, सातारा

उत्तर : शस्त्र कोणते आहे, हे बहुतेक वेळा खात्रीने सांगता येते, ते कोणी पुरवले, हे मात्र केवळ चित्रफितीवरून सिद्ध होत नाही. या दोन विधानांतले अंतर ज्याने शेवटपर्यंत जपले, त्याच्याच नोंदीवर विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे.

२०१३ च्या आरंभी दक्षिण सीरियातील दरा प्रांतातून बंडखोर गटांनी प्रसिद्ध केलेल्या चित्रफितींत काही अनोळखी शस्त्रे दिसू लागली. इंग्लंडमधील लेस्टर येथे राहणारे आणि सैनिकी पार्श्वभूमी नसलेले एलियट हिगिन्स त्या वेळी अशा शेकडो चित्रफिती नियमितपणे पाहून नोंदी ठेवत होते. त्यांना दिसलेल्या शस्त्रांपैकी एक होते आरबीजी-६. रिव्हॉल्वरसारख्या फिरत्या चक्रात ४० मिमी व्यासाचे सहा ग्रेनेड भरून ते एकामागून एक सुमारे ४०० मीटरपर्यंत डागणारा हा लाँचर एकट्या सैनिकाला हातात धरून वापरता येतो. त्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेच्या मिलकोर एमजीएल या लाँचरमध्ये असून क्रोएशियाने त्याच धर्तीवर आपला लाँचर तयार केला. दोघांचे रूप इतके जवळचे आहे की अस्पष्ट चित्रफितीत भेद करणे कठीण जाते, आणि अशा ठिकाणी ‘मिलकोर पद्धतीचा लाँचर’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते.

सीरियाच्या सरकारी सैन्याची शस्त्रे मुख्यतः सोव्हिएत बनावटीची होती. रायफलच्या नळीखाली बसवायच्या सोव्हिएत लाँचरचा ग्रेनेडही ४० मिमीचाच, परंतु त्याला काडतुसासारखे वेगळे कवच नसते. आरबीजी-६ मध्ये वापरला जाणारा कवचयुक्त ग्रेनेड अमेरिकी परंपरेतला आहे. त्यामुळे हा लाँचर सरकारी कोठारातून लुटून आणलेला असण्याची शक्यता फार कमी होती. तरीही एकटे शस्त्र पुरेसा पुरावा होत नाही, कारण एखादे शस्त्र काळ्या बाजारातूनही येऊ शकते. निष्कर्षाला बळ आले ते चार शस्त्रे एकत्र दिसल्यामुळे : आरबीजी-६, युगोस्लाव्ह (क्रोएशिया पूर्वी युगोस्लाव्हियाचाच भाग होता) बनावटीचा ९० मिमीचा एम-७९ ओसा हा रॉकेट लाँचर, ८२ मिमीची एम-६० ही रिकॉइललेस, म्हणजे डागताना मागे धक्का न देणारी, तोफ आणि आरपीजी-२२ हा एकदाच डागून टाकून द्यायचा रॉकेट लाँचर. हे चारही प्रकार एकाच काळात, एकाच प्रदेशात, निरनिराळ्या गटांच्या हाती दिसावेत आणि चारही क्रोएशियाकडे असावेत, हा योगायोग मानणे अवघड होते.

पुढचा दुवा मात्र जुन्या पद्धतीच्या पत्रकारितेने जोडला. फेब्रुवारी २०१३ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकी व पाश्चात्त्य अधिकाऱ्यांचा हवाला देऊन लिहिले की ही शस्त्रे सौदी अरेबियाच्या पैशातून क्रोएशियात खरेदी झाली आणि जॉर्डनमार्गे बंडखोरांपर्यंत पोहोचली. क्रोएशियाच्या सरकारने असा व्यवहार झाल्याचे नाकारले. परंतु त्याच आठवड्यात पंतप्रधान झोरान मिलानोविच यांनी, या बातम्यांमुळे आपले सैनिक धोक्यात येतील असे सांगून, सीरिया-इस्रायल सीमेलगतच्या गोलान टेकड्यांवरील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून त्यांना माघारी बोलावण्याचा निर्णय जाहीर केला.

प्रश्न : पत्रकारितेचा विद्यार्थी या नात्याने मला अशा नोंदी ठेवण्याचे काम शिकायचे आहे. कोणती काळजी घ्यावी? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : चित्रफीत पाहताक्षणी मूळ स्वरूपात उतरवून ठेवावी आणि तिचा दुवा, ती प्रसिद्ध होण्याची तारीख व प्रसिद्ध करणारे खाते यांची नोंद त्याच वेळी करावी. ‘नंतर पाहू’ म्हणून सोडलेली चित्रफीत पुन्हा सापडेल याची शाश्वती नसते. २०१७ मध्ये यूट्यूबने हिंसक मजकूर हटवण्यासाठी यांत्रिक गाळणी लावली, तेव्हा सीरियातील युद्धाच्या असंख्य चित्रफिती नाहीशा झाल्या; त्यांपैकी पुष्कळ सामान्य नागरिकांनी जीव धोक्यात घालून टिपल्या होत्या. ‘सीरियन अर्काइव्ह’सारख्या संस्थांनी प्रती जपल्या नसत्या, तर तो पुरावा आपण कायमचा गमावला असता. याची हळहळ मला आजही वाटते.

चित्रफितीखालच्या मजकुरावर विसंबू नये. मिनार, डोंगररेषा, पाण्याच्या टाक्या आणि रस्त्यांची वळणे उपग्रहचित्रांशी ताडून स्थळ स्वतः निश्चित करावे. एकच लाँचर दहा चित्रफितींत दिसला तर ते दहा लाँचर होत नाहीत. पट्टा, रंग उडालेल्या जागा आणि ओरखडे पाहिल्याशिवाय संख्या लिहू नये. नावांनीही फसगत होते : एम-७९ या नावाचा व्हिएतनाम युद्धातला अमेरिकी ग्रेनेड लाँचर आणि युगोस्लाव्ह एम-७९ ओसा ही अगदी वेगळी शस्त्रे आहेत. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने बर्कली येथील विद्यापीठासह अशा तपासाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, ती अवश्य वाचावीत. चित्रीकरण करणाऱ्याचे नाव किंवा घर उघड होईल असा तपशील मात्र, तो कितीही महत्त्वाचा वाटला, तरी छापू नये.

प्रश्न : एवढे करून उपयोग काय झाला? शस्त्रे तर पोहोचलीच. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पुरवठा त्यामुळे थांबला नाही, हे खरे आहे. परंतु शस्त्रे पुढे कोणाकडे गेली, हे अशा नोंदींविना कळलेच नसते. ‘कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च’ या संस्थेने २०१४ मध्ये दाखवून दिले की इस्लामिक स्टेटकडून हस्तगत केलेली ९० मिमीची, म्हणजे ओसा लाँचरची, रॉकेटे ही सौदी अरेबियाने २०१३ मध्ये फ्री सीरियन आर्मी या बंडखोर आघाडीच्या छत्राखालील गटांना दिलेल्या रॉकेटांसारखीच होती. या संस्थेचे लोक रणभूमीवर जाऊन शस्त्रांवरील क्रमांक टिपतात आणि उत्पादक देशाकडे विचारणा करतात. खरेदी करताना ‘हे शस्त्र आम्हीच वापरू’ असे प्रमाणपत्र देणाऱ्या देशाने शब्द पाळला की नाही, हे अशा क्रमांकांवरूनच विचारता येते.

नेमक्या त्याच काळात, २ एप्रिल २०१३ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शस्त्रव्यापार करार १५४ विरुद्ध ३ मतांनी संमत केला. विरोधात सीरिया, इराण आणि उत्तर कोरिया होते. तटस्थ राहिलेल्यांत सौदी अरेबिया आणि भारतही होता. दहशतवादी व बिगर-सरकारी गटांच्या हाती शस्त्रे जाण्याबाबत हा करार दुबळा आहे, असा भारताचा एक प्रमुख आक्षेप होता, आणि सीरियातील नोंदी पाहता तो गांभीर्याने घ्यावा असाच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये करार लागू झाला. क्रोएशिया त्यात सामील आहे. सौदी अरेबियाने आणि भारताने त्यावर स्वाक्षरी केलेली नाही.